आजीच्या गळ्यातली बाई

टक् असा आवाज झाला आणि मला जाग आली.

जहाजाच्या इंजिनाची घरघर दुसऱ्या दिवसापासून कानांना ऐकूच येईनाशी झाली होती. खोलीत काही हलत नव्हतं. पडद्याच्या फटीतून राखाडी उजेड येत होता, हृषी पालथा झोपला होता, मिहू आमच्या दोघांच्या मध्ये आडवी पसरली होती. त्या शांततेत स्टीलच्या डब्याच्या झाकणाचा आवाज झाला. अगदी घरचा आवाज. मला वाटलं, आपण ठाण्यालाच आहोत आणि स्वयंपाकघरात आईंचं काहीतरी सुरू झालंय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची आणि भाऊंची खोली आमच्या खोलीला लागूनच होती, मधलं दार उघडं ठेवलेलं होतं. मी डोकावले. आई आंघोळ करून, नेसून, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर मिहूचा खाऊचा डबा.

"आई, एवढ्या लवकर?"

त्यांनी दचकून डबा पदराखाली घेतला. मग मीच आहे हे बघून हसल्या. "झोप गं. अजून अवकाश आहे."

"डब्यात काय आहे?"

"सांजोऱ्या."

मला हसू फुटलं. जहाजावर घरचं खाणं आणू देत नाहीत. चढताना तपासणीत आमच्या पुढच्या कुटुंबाच्या चकल्या काढून घेतल्या होत्या. पण लहान मुलांच्या खाऊला कुणी हात लावत नाही, हे आईंनी कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. मिहूच्या बिस्किटांखाली त्यांनी सांजोऱ्या दडवून आणल्या होत्या.

"अहो, इथे चाळीस पदार्थ मांडून ठेवतात सकाळी!"

"असू देत. गौतमी, आज न्याहारी आपण वर करायची हं. उघड्यावर. मागच्या बाजूला."

जहाजावर न्याहारीला तीन जागा होत्या. खाली काचेचं मोठं रेस्टॉरंट, तिथे पांढऱ्या हातमोज्यातले वाढपी टेबलाशी येऊन वाढत. नवव्या मजल्यावर हवं ते घ्या आणि बसायला जागा शोधा, असा मोठा हॉल. आणि अगदी मागे, पोहण्याच्या तलावापलीकडे, उघड्या डेकवर चार-सहा टेबलं नि चहा-डोशाची एक टपरीवजा जागा. तिथे वाऱ्यानं कागदी रुमाल उडायचे. फारसं कुणी फिरकायचं नाही.

"पण आई, आज भाऊंचा..." मी आवाज खाली आणला. पलीकडे भाऊ झोपले होते. "हृषीनं खाली केक सांगून ठेवलाय."

त्या दिवशी भाऊ सत्तर पूर्ण करत होते. म्हणून तर ही सगळी सहल होती. मुंबईहून निघायचं, गोव्याला लागायचं, परत मुंबई. हृषीनं तारखा सांगितल्या तेव्हा आई पहिल्यांदाच त्याला नाही म्हणाल्या होत्या. "पितृपंधरवडा आहे रे. त्यात नको." तो म्हणाला होता, "अगं आई, भाऊंनी जन्मायच्या आधी पंचांग बघायला हवं होतं ना!" सगळे हसले होते. आई हसल्या नव्हत्या, पण पुन्हा काही बोलल्याही नव्हत्या.

"माहितीये मला केकचं," आई म्हणाल्या. "तुम्ही सगळे या कापून. मी वर बसते. तू मात्र आधी माझ्याबरोबर चल. तुला काही खायच्या आत."

"मी?"

"दुपारी हे लोक आपल्याला उतरवून देणार. जेवण घरी पोचून व्हायचं म्हणजे चार वाजतील. मग सकाळचंच उरलं ना."

काय उरलं, ते मी विचारलं नाही. लग्न होऊन मला सहा वर्षं झाली होती. दरवर्षी भाद्रपदात एक दिवस आई मला पाटावर बसवून जेवू घालत. सांजोऱ्या करत, हिरव्या बांगड्या भरत, ओटी भरत. माहेरी माझ्या आईला मी कौतुकानं सांगितलं होतं, सासूबाई माझे असे लाड करतात. आई म्हणाली होती, भाग्य लागतं. आमच्याकडे पुण्याला असलं फार काही नसायचंच, त्यामुळे तिलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

हृषी उठल्यावर अपेक्षेप्रमाणे वाद झाला.

"आई, आज नको ना हट्ट. काल तू काचेच्या हॉटेलात किती खूश होतीस! तो वाढपी तुला मॅडम म्हणाला म्हणून दिवसभर लाजत होतीस."

"काल काल होतं."

"वर वाऱ्यात भाऊंना बाधेल."

"ह्यांना कुठे बोलावतेय मी?"

भाऊ मोज्यात पाय घालत होते. माझे सासरे मुळात कमी बोलणारे. ते मान वर न करता म्हणाले, "हृषी, जाऊ दे तिला."

"अहो पण भाऊ, तुमच्या वाढदिवसाला आईच नाही?"

"जाऊ दे म्हटलं ना."

हृषी माझ्याकडे बघून हातानं खूण करत होता, काहीतरी कर. मी तोडगा काढला. तुम्ही तिघं खाली बसा, मी आईंबरोबर वर जाते, वीसेक मिनिटांत त्यांना घेऊन खाली येते. केक थांबेल. तो पुटपुटला, "आण पण नक्की." मिहू म्हणाली, "मलापण आजीबरोबर वर." तिला भाऊंनी हाताला धरलं.

डेकवर वारा होता, पण बोचरा नव्हता. समुद्र गढूळ हिरवा झाला होता, म्हणजे किनारा जवळ येत होता. दूर मुंबईच्या इमारती धुक्यातून दातांसारख्या वर आल्या होत्या. आईंनी कठड्याजवळचं टेबल निवडलं. पिशवीतून केळीच्या पानाचा घडी केलेला तुकडा काढला, बशीत अंथरला, त्यावर दोन सांजोऱ्या, टपरीवरून घेतलेला भात आणि दही ठेवलं. बशी कठड्यालगतच्या रुंद लाकडी कडेवर नेऊन ठेवली. मग माझ्यापुढे दुसरी बशी. पिशवीतून बांगड्या निघाल्या, खण निघाला, मिहूच्या रुमालात बांधलेले तांदूळ निघाले. एवढं सगळं त्यांनी कधी भरलं होतं?

"हात पुढे कर."

त्यांनी बांगड्या भरल्या. त्यांचे हात गार होते. माझ्या मनगटाकडे बघता बघता त्यांचे ओठ हलत होते. वाकल्या तेव्हा मंगळसूत्रातला तो चांदीचा टाक पुढे लोंबला, रुपयाएवढा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. मिहूला तो फार आवडायचा. त्याला ती 'आजीची बाई' म्हणायची, झोपताना मुठीत धरायची. मी एकदा विचारलं होतं तेव्हा आई म्हणाल्या होत्या, देवीचा आहे.

"खा आता. पहिला घास गोडाचा."

मी सांजोरी तोडली. तेवढ्यात मागून हाक आली.

"अगं बाई! इथं बसलाय होय तुम्ही? मी सगळं जहाज पालथं घातलं!"

मिरजेच्या काकू होत्या. आदल्या संध्याकाळी आईंची आणि त्यांची चांगली गट्टी जमली होती. काकूंना नाव विचारायचं राहिलं, पण त्यांच्या दोन्ही सुनांची माहिती आम्हाला मिळाली होती. चहाचा पेला घेऊन त्या आमच्याच टेबलाशी टेकल्या. माझ्या बांगड्या बघितल्या, ओटी बघितली, कठड्यावरची बशी बघितली, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"शाबास! जहाजावर आलात तरी नवमी चुकवली नाही. अहो, आमच्याकडं घरात असून करत नाहीत आता." त्या माझ्याकडे वळल्या. "तू सवाष्ण काय आजची? जेव बाई, जेव पोटभर."

"कसली नवमी?" मी विचारलं.

"अविधवा नवमी गं. नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेली बाई असती ना घरात, तिच्या नावानं सवाष्णीला घालायचं आजच्या दिवशी." मग आईंना म्हणाल्या, "कुणाची हो तुमच्यात? सासूबाईंची?"

आई समुद्राकडे बघत होत्या. "बहिणीची," त्या म्हणाल्या.

"बहिणीची तुम्ही कशी घालताय? ती तिच्या सासरी..." काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर आईंच्या गळ्याकडे गेली. त्या पुढे वाकल्या, आणि आम्ही नको म्हणायच्या आत त्यांनी टाक दोन बोटांत धरून उलटसुलट केला. "हां, म्हणजे हा सवतीचा टाक. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी पण घातला होता असाच, पहिलीच्या नावानं. थोरली बहीण गेली नि धाकटी दिली, असंच ना? व्हायचं हो तेव्हा. पोर असलं अंगावरचं की मावशीच बरी, म्हणायचे."

माझ्या तोंडात सांजोरीचा घास होता. तो मला गिळताही येईना, बाहेर काढताही येईना.

शालूमावशी. ठाण्याच्या घरात देवघरापाशी त्यांचा फोटो आहे, दोन वेण्या पुढे घेतलेला. हृषीची मावशी, आईंची मोठी बहीण, लग्नाआधीच काविळीनं गेली. मला घरात आल्या दिवशी हृषीनंच हे सांगितलं होतं, फोटोला नमस्कार करताना.

मी आईंकडे बघितलं. त्यांनी टेबलाखाली माझा हात पकडला. नव्या बांगड्या मनगटात रुतल्या.

"त्याला नाही माहीत," त्या इतक्या हळू म्हणाल्या की वाऱ्यात मला ते ओठांवरूनच कळलं. "सहा महिन्यांचा होता. गौतमी, त्याला सांगू नकोस."

मी मान हलवली असावी. सहा वर्षं मी पाटावर बसून गोड घास खात होते, बांगड्या मिरवत होते, आणि त्यातलं काहीच माझ्यासाठी नव्हतं. मी एका बाईच्या जागी बसत होते. माझ्या नवऱ्याच्या आईच्या.

"मीच का?" माझ्या तोंडून निघालं.

"तू येण्याआधी देवळात जाऊन कुणाला तरी घालायची. घरी बाहेरची सवाष्ण बोलावली असती तर तिनं विचारलं असतं, कुणाची म्हणून." आई म्हणाल्या. "तू कधी विचारलं नाहीस. आणि मुलानं करायचं असतं गं. मुलाला कसं सांगू? म्हटलं, निदान त्याच्या बायकोच्या तोंडात..."

काकूंना आपलं काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. त्या पेला हातात घेऊन कौतुकानं बशीकडे बघत होत्या. "कावळा येईल बघा आता. मुंबई आली की येतात."

"आजी!"

मिहू धावत येत होती. तिच्या गालाला क्रीम लागलेलं. तिच्यामागून हृषी, हातात केकच्या तुकड्याची बशी, आणि बरंच मागे, कठड्याला धरून चालत, भाऊ.

"केक कापून टाकला शेवटी, मिहू थांबेना," हृषी हसत म्हणाला. "मग म्हटलं, डोंगर येत नाही तर आपणच डोंगराकडे जावं... हे काय? ओटीबिटी? आई, तू जहाजावर हळदीकुंकू काढलंस?"

"बसा हो," काकू उत्साहानं सरकल्या. "आज नवमी ना. तुमच्या आईंच्या बहिणीची."

माझा हात अजून आईंच्या हातात होता. त्यांची पकड एकदम सैल झाली.

"शालूमावशीची?" हृषीनं केकची बशी टेबलावर ठेवली. "मावशीची तिथी असते? मला कधी बोलली नाहीस आई. कसली नवमी?"

"अविधवा नवमी," काकू म्हणाल्या. "सवाष्णपणी गेलेल्या बाईची."

हृषी हसला. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलत गेले. "पण मावशीचं लग्न कुठे झालं होतं?"

मी म्हणायला हवं होतं, काकूंचा काहीतरी घोटाळा झालाय. एवढं एक वाक्य. काकूंच्या हातातला पेला हळूच टेबलावर टेकला. त्यांना आत्ता कुठे कळलं होतं. "अगं आई गं," त्या पुटपुटल्या, उठल्या, आणि न बघता तलावाच्या दिशेनं चालू लागल्या.

"आई?"

आई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, जणू त्या हातांनी आत्ताच काहीतरी खाली पाडलं होतं.

"भाऊ?" हृषी वळला.

भाऊ टेबलापाशी पोचले होते. त्यांनी खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं. "मी सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "तुला सांगायचं नाही म्हणून. माझाच..."

"नाही." आईंनी मान वर केली. "खोटं बोलू नका आज. तुम्ही म्हणत होता, सांगू. तो शाळेत गेला तेव्हा म्हणालात, मुंजीत म्हणालात. मीच नको म्हटलं." त्या हृषीकडे वळल्या. "तू बोबड्या शब्दांत पहिल्यांदा मला आई म्हणालास ना, तेव्हापासून मला भीती. वाटायचं, सांगितलं तर एकदा, एकदा तरी तू मला मावशी म्हणशील."

हृषीचा चेहरा पांढरा पडला होता. माझा नवरा घरात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस. त्यानं आईंकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं, माझ्या मनगटातल्या बांगड्यांकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?" त्यानं मला विचारलं.

"आत्ता. तू येण्याआधी दोन मिनिटं."

"ती..." तो थांबला. "फोटोतली?"

आईंनी मान हलवली.

"सहा महिन्यांचा होतास तू," त्या गळ्यातला टाक मुठीत धरून म्हणाल्या.

तो खुर्चीत बसला नाही. जहाज डोलत नव्हतं, तरी तो पाय फाकवून उभा होता, हलत्या बोटीत उभं राहावं तसा. मी उठून त्याच्या दंडाला हात लावला. तो दंड लाकडासारखा लागला. मी हात काढून घेतला.

जहाजावर एक पद्धत होती. बशी जरा रिकामी दिसली, जराशी बाजूला सरकवलेली दिसली, की वाढपी हसत येई आणि उचलून नेई. पहिल्या दिवशी मिहूचं अर्धं सँडविच असंच गेलं होतं, ती रडली होती. आताही तसाच एक वाढपी मुलगा आला. टेबलावरचा काकूंचा पेला त्यानं ट्रेमध्ये घेतला, केकची बशी तशीच ठेवली. मग कठड्यावरची बशी त्याच्या नजरेस पडली. टाकून दिलेलं अन्न. तो गेला आणि त्यानं ती उचलली.

आईंच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. मी खुर्ची ढकलून उठले, पण माझ्याआधी हृषी पोचला होता. त्यानं त्या मुलाचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण ट्रे कलंडला आणि पेला डेकवर फुटला.

"रख दो," हृषी म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "वहीं पे. रख दो, प्लीज."

मुलगा घाबरून बघत राहिला. हृषीनं बशी त्याच्या हातातून काढून घेतली, परत लाकडी कडेवर ठेवली. वाऱ्यानं केळीच्या पानाची एक बाजू उलटली होती, ती त्यानं बोटानं सरळ केली. सांजोरी कडेला घसरली होती, ती मधोमध आणली. पूजाअर्चेची टर उडवणारा हा माणूस. मुंजीतली संध्या पंधरा दिवसांत विसरलेला.

मग तो पाठमोराच उभा राहून म्हणाला, "काय करतात पुढे?"

भाऊ म्हणाले, "थांबायचं. कावळा शिवेपर्यंत."

"आणि नाही शिवला तर?"

"तर काहीतरी राहिलंय, असं म्हणतात. मग जवळच्या माणसानं सांगायचं, ते मी बघेन म्हणून."

हृषी वळला. तो चालत आईंच्या खुर्चीपाशी आला आणि खाली डेकवरच बसला, फुटलेल्या पेल्याच्या काचा बाजूला सारून. त्यानं डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं नाही, त्यांचा हात धरला नाही. नुसता बसला, त्यांच्या पावलांपाशी, बशीकडे तोंड करून. मग म्हणाला, "आई, तिला सांजोऱ्या आवडायच्या?"

आई हा शब्द त्यानं सवयीनं म्हटला की ठरवून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी त्याला कधी विचारलं नाही. पण आईंनी तो ऐकला. पदर तोंडात कोंबून त्या रडायला लागल्या, आणि भाऊ त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, वारा अडवून.

काचा वेचायला तो मुलगा झाडू घेऊन आला, आणि आमच्याकडे बघून तसाच परत गेला. किनारा वाढत होता. आता इमारतींच्या खिडक्या दिसत होत्या. एक घार वर गोल फिरत होती. कावळा नव्हता.

मिहू एवढा वेळ कुठे होती? माझ्याच मागे, माझ्या ओढणीचं टोक धरून. चार वर्षांचं पोर, कुणी रडायला लागलं की तिलाही रडू यायचं, पण त्या दिवशी ती रडली नाही. ती आजीच्या मांडीवर चढली. क्रीमच्या बोटांनी तिनं तो टाक हातात घेतला आणि कधी नव्हे इतका जवळून बघितला.

"आजी, ही तुझी ताई?"

आईंनी मान हलवली.

"बाबा छोटं बाळ होते तेव्हा ही गेली?"

"हो गं राजा."

मिहूनं हृषीकडे बघितलं. खाली बसलेला, दोन दिवसांची दाढी वाढलेला, कानशिलांपाशी पांढरा होत चाललेला तिचा बाबा. तिनं कठड्यावरच्या बशीकडे बघितलं, मग रिकाम्या आभाळाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. तिच्या कपाळावर आठी होती.

"पण आई, बाबा तर आता मोठे झालेत," ती म्हणाली. "ती त्यांना ओळखेल कशी?"